मोहरीर सर आणि दाराबाहेरच्या चपला

मोहरीर सर सभागृहात शिरताना कधीच समोर बघायचे नाहीत. खाली बघायचे. लोकांना वाटायचं, केवढा हा विनय. कित्येक वर्षं मलाही तसंच वाटायचं, आणि मी तर त्यांच्या दोन पावलं मागे, फायलींची शबनम खांद्याला लावून चालत असायची. सर दाराबाहेरच्या चपला बघत असत.

आमच्याकडे कार्यक्रम शाळेत असो, मंगल कार्यालयात असो की विहाराच्या अभ्यासिकेत, सतरंजी अंथरलेली असली की चपला बाहेर. सर दाराशी क्षणभर थांबायचे. रबरी स्लीपर किती, टाचा झिजलेल्या किती, बायकांच्या किती. बूट असतील तर त्यांत मोजे खोचलेत का. चिखल लागलेला असेल तर ओला की वाळलेला. मग मान न वळवता हात मागे करायचे आणि म्हणायचे, "बाई, तांबडी." किंवा, "बाई, हिरवी." मी त्या रंगाची फाईल काढून त्यांच्या हातात ठेवायची, ऑपरेशनच्या वेळी नर्स डॉक्टरला कात्री देते तशी. चेहराही तसाच गंभीर करायची. आज तो चेहरा आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण आता तोंडात कवळी आहे, बेतानंच मारावी लागेल.

तांबड्या फायलीत यंत्रामुळे माणसाचा विचार मरायचा. हिरव्या फायलीत यंत्रामुळे माणसाचा विचार फुलायचा. पिवळीही होती. तिच्यात तो थोडा मरायचा, थोडा फुलायचा, आणि ती अध्यक्षीय समारोपासाठी राखून ठेवलेली असायची.

सर जालन्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, बाह्यांना इस्त्रीची अशी धार की भाजी चिरता यावी. 'यंत्र आणि विचार' हा त्यांचा विषय. साप्ताहिकात सदर, दिवाळी अंकात लेख, शाळा-कॉलेजांत व्याख्यानं, कंपन्यांच्या पुस्तिकांना प्रस्तावना. अख्ख्या जिल्ह्यात या विषयावर बोलणारे ते एकटेच, कारण दुसऱ्या कुणाला तशी गरज वाटली नव्हती.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. बुद्धी बेताची, अक्षर मात्र मोत्यासारखं. निदान तसं लोक म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायची. हसनाबादच्या शाळेत असताना दर्शनी फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकदा सर पाहुणे म्हणून आले आणि त्या फळ्यापुढे चांगली पाच मिनिटं उभे राहिले. मला वाटलं, सुविचारात गढलेत. मग त्यांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी पदर सावरत पुढे झाले. सर म्हणाले, "बाई, या अक्षरात काहीही लिहिलं तरी खरं वाटेल."

त्या दिवशी स्वयंपाक करताना हे वाक्य मी आमच्या ह्यांना तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "झालं का? भाकर करपून राह्यली." त्या वाक्यात सरांनी मला कशासाठी निवडलं ते अगदी स्वच्छ सांगून टाकलं होतं. मी मात्र ते प्रशस्तिपत्रक म्हणून छातीशी धरून बसले. आणि फिक्या रंगाच्या, बारीक काठाच्या साड्या नेसायला लागले. विचारवंतांच्या आसपास वावरणाऱ्या बायका तशाच साड्या नेसतात, असा माझा समज होता. आमच्या जाऊबाईंनी विचारलंही, कुणी गेलं का म्हणून.

तेव्हापासून सरांच्या लेखांच्या मुद्रणप्रती मी करायची. सरांचा कच्चा खर्डा लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर असे. पत्रिका ते वर्षभर साठवायचे. खर्ड्यात जागोजाग 'श्रो. प्र.' असं लिहून पुढे मोकळी जागा सोडलेली असायची. श्रो. प्र. म्हणजे श्रोत्यांप्रमाणे. ती जागा भरायचं काम माझं. शिक्षक असतील तर 'फळा', बी-बियाणांचे व्यापारी असतील तर 'बी', महिला मंडळ असेल तर 'विरजण'. विचार आहे तोच ठेवायचा, फक्त तो उतरतो कुठे ते बघायचं. सर म्हणायचे, "विचार हा पाहुणा आहे, बाई. घर बघून मुक्काम करतो." हे वाक्य मी डायरीत लिहून त्याभोवती वेलबुट्टी काढली होती. डायरी अजून आहे. परवा नातीनं ती वेलबुट्टी बघून विचारलं, आजी, ही कुणाच्या मेंदीची डिझाइन गं? मी म्हणाले, अकलेच्या लग्नातली.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते सरांच्या काटकसरीचं. त्यांनी तरुणपणी कॅल्क्युलेटरवर एक लेख लिहिला होता. तो लेख पुढे जन्मभर पुरला. टीव्ही आला तेव्हा कॅल्क्युलेटर खोडून टीव्ही लिहिलं. संगणक आला तेव्हा टीव्ही गेला. मोबाईल आला तेव्हा संगणकावर पांढरं पाणी फिरलं. म्हणजे मीच फिरवलं. व्हाइटनरची बाटली माझ्या टेबलावर हळदीकुंकवाच्या करंड्यासारखी कायम असायची. असं चौथं यंत्र हाती आलं तेव्हा कागदाला पापड्या धरल्या होत्या.

एकदा माझा हात चुकला. टीव्हीच्या काळातलं एक वाक्य मोबाईलच्या लेखात तसंच राहून गेलं, आणि छापून आलं ते असं: मोबाईलसाठी मुलं पत्र्यावर चढतात, उभी राहून दिशा शोधतात, आणि तिकडे अभ्यासाची दिशा हरवते. मूळ वाक्य अँटेना फिरवण्याबद्दल होतं. मी अँटेना खोडली आणि पत्रा तसाच ठेवला. मला रडू कोसळलं. आठवड्यानं घनसावंगीकडच्या एका वाचकाचं पत्र आलं की सर, आपली निरीक्षणशक्ती अफाट आहे, आमच्या गावात रेंज नाही, पोरं खरंच पत्र्यावर चढून बसतात, आपण आमच्याकडे कधी येऊन गेलात ते कळलं नाही. सरांनी ते पत्र फ्रेम करून लावलं. आणि मला म्हणाले, "बघा बाई, सत्य कसं आपोआप येऊन बसतं." मी डोळे पुसून मान डोलावली. अशी मान मी त्या काळात फार डोलवायची. पुढे मणक्यांचं दुखणं लागलं त्याचं कारण डॉक्टरांना सापडलं नाही, मला ठाऊक आहे.

सर वाईट नव्हते, हे लिहायला हवं. लिहायची इच्छा नाही, पण हवं. वाचनालयाचं पुस्तक त्यांनी कधी एक दिवस उशिरा दिलं नाही. बाजारात भाजीवालीशी घासाघीस केली नाही. रिक्षावाल्याला अहो-जाहो करायचे. मिळालेल्या शाली थंडीत स्टेशनवरच्या म्हाताऱ्यांच्या अंगावर घालून यायचे. खोटं बोलताना मी त्यांना कधी पकडलं नाही, कारण ज्या घडीला ते जे बोलायचे, ते त्या घडीला त्यांना मनापासून पटलेलं असायचं. हीच गोष्ट मला आज सगळ्यात ओंगळ वाटते. लबाड माणसाला निदान आपण लबाडी करतोय एवढं तरी माहीत असतं.

नऊएक वर्षांपूर्वीचा एक दिवस सांगते. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, जालन्यात राहायला आले होते आणि सरांची फाईल-वाहतूक आता पूर्णवेळ करत होते. म्हणजे मी एकसष्ट वर्षांची अक्कलशून्य तरुणी होते.

सकाळी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीचा कार्यक्रम. शेतकऱ्यांसाठी मोबाईलवर काहीतरी नवीन काढलं होतं. दाराबाहेर नव्या बुटांच्या रांगा, मोजे आत खोचलेले. "बाई, हिरवी." सर बोलले: मेंदू शेतासारखा आहे. त्यात बी चांगलं पडलं पाहिजे. आणि मोबाईल हे या युगाचं पेरणी यंत्र आहे. ज्या गावात मास्तर पोचला नाही तिथे हे यंत्र पोचलं. ज्या पोराच्या हातात ते आहे त्याच्या हातात शाळा आहे. टाळ्या इतक्या की चहाचे कप वाजले. हेच भाषण पुढे कंपनीनं आपल्या छोट्या पुस्तिकेत छापलं. ती पुस्तिका बियाण्याच्या पिशवीबरोबर घरोघर फुकट वाटली गेली.

दुपारी हसनाबादला पालक मेळावा. जीपमध्ये सरांनी अर्धा पेरू खाल्ला, अर्धा मला दिला, डोळे मिटले आणि राजूरच्या पुढे जागे झाले ते दुसरं मत घेऊनच. शाळेबाहेर धुळीनं भरलेल्या चपला, तळव्यांचे ठसे उमटलेल्या स्लीपर. "बाई, तांबडी." सर बोलले: मेंदू शेतासारखा आहे. त्यात तण माजू देऊ नका. आणि मोबाईल हे या युगाचं तण आहे. ज्या पोराच्या हातात ते गेलं, त्याचा विचार मुळासकट गेला. बापांनो, आज तुम्ही कठोर झाला नाहीत तर उद्या पोरं तुमच्याकडे बघायलाही मान वर करणार नाहीत. पुढच्या रांगेत एक माणूस टोपी काढून डोळे पुसत होता.

सकाळ-दुपारच्या मध्ये फक्त एक पेरू होता. आणि मी काय विचार करत होते? तर, केवढा हा आवाका. एकाच उपमेतून दोन्हीकडे. हे शब्द मी त्या रात्री डायरीत लिहिलेत. वेलबुट्टीसकट.

पंधरा दिवसांनी कांता आली. कांता माझी जुनी विद्यार्थिनी, हसनाबादलाच दिलेली, पोळपाटाएवढा चेहरा आणि पाढ्यांना पक्की. पहिल्या गाडीनं आली होती. पिशवीतून तुरीच्या शेंगा काढून ठेवल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या सरांनी अश्वीच्या पप्पांच्या डोक्यात काय घातलं हो?"

टोपी काढून डोळे पुसणारा माणूस म्हणजे तिचा नवरा, भगवान. अश्विनी त्यांची एकुलती एक पोरगी, बारावी सायन्सला. तिच्या कॉलेजात फिजिक्सला सर नव्हते. जून महिन्यापासूनच नव्हते. पोरगी बापाच्या फोनवर व्हिडिओ लावून स्वतःच शिकत होती, वही भरून गणितं सोडवत होती. तिला शेतकीच्या कॉलेजला जायचं होतं, बियाण्याच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं. मेळाव्यातून भगवान घरी गेला, फोन लोखंडी पेटीत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. बोर्डाची परीक्षा अडीच महिन्यांवर.

"ती म्हणती, पप्पा, गाणे न्हाई बघून राह्यले, फिजिक्स आहे. तर म्हणतात, सर बोलले तेव्हा तू होती का तिथं? माझ्यासमोर बोलले ते. कोणाचंच ऐकत न्हाईत बाई. सरांचंच ऐकतील. त्यांनी एकदा येऊन एवढंच सांगावं, की अभ्यासासाठी चालतंय. बस."

कांतानं हे काही रडून सांगितलं नाही. शेंगा निवडत निवडत सांगितलं. मला वाटलं, हे तर अगदी सोपं आहे. सरांकडे हिरवी फाईल आहेच की.

सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, खरंच हळहळले, आणि विचारलं, "वडील पायात काय घालतात?"

त्या क्षणी मला आली ती शिसारी होती. मी तिला पित्त समजले आणि घरी जाऊन आवळासुपारी खाल्ली.

रविवारी आम्ही गेलो. जीपमध्ये सरांनी हिरवी फाईल मांडीवर घेतली होती. "निश्चिंत राहा बाई," म्हणाले, "एका मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे." मी निश्चिंत राहिले. त्यात मी तयार होते.

भगवाननं सर येणार म्हणून अंगण सारवून घेतलं होतं, खुर्च्या आणल्या होत्या आणि कौतुकानं सगळ्या भावकीला बोलावलं होतं. कांतानं मागितलं होतं सरांचं एक वाक्य, नवऱ्यापुरतं. घरात जमले होते दहा-बारा पुरुष. आणि उंबऱ्याबाहेर चपला. जाड तळाच्या, शेतातल्या मातीनं जड झालेल्या, एक जोड टायरच्या तळव्याचा, बहुतेक घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाचा. बायकांची एकही नाही.

सर थांबले. मी मागे उभी. मला त्यांची मान दिसत होती. ती खाली गेली, डावीकडून उजवीकडे सावकाश फिरली. मग त्यांनी हिरवी फाईल मान न वळवता माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "बाई, तांबडी."

मी दिली.

हे वाक्य मला लिहायचं होतं म्हणून हा सगळा खटाटोप. मी दिली. विचारलं नाही, थांबले नाही, पिशवीत सापडत नाही असंही म्हणाले नाही. हात आपोआप गेला.

सर आत बसले, पाणी घेतलं आणि भगवानला म्हणाले, तुमच्यासारखे बाप गावोगाव असते तर मला बोलावं लागलं नसतं. मग शेत, मग तण. भावकी माना डोलवत होती. टायरच्या चपलेवाले आजोबा म्हणाले, "बराबर बोलले सर. बिलकुल." भगवानची छाती फुगली होती. आतल्या दाराशी कांता उभी होती. ती सरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

अश्विनी चहा घेऊन आली. बारीक, सावळी, घट्ट वेणी घातलेली. ट्रे ठेवला आणि ओढणीखालून एक पातळ पुस्तिका काढली. बियाण्याच्या पिशवीबरोबर आलेली. पान दुमडून ठेवलेलं होतं. तिनं आवाज न चढवता विचारलं, "सर, यात तुमचा फोटो आहे. यात लिहिलंय की ज्याच्या हातात मोबाईल, त्याच्या हातात शाळा. हे खरं का तुम्ही आत्ता बोलले ते खरं?"

सर हसले. छान, समजूतदार हसले. "बेटा, दोन्हींचे संदर्भ वेगळे आहेत."

"संदर्भ न्हाई विचारून राह्यले, सर. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तुमची पोरगी असती आणि तिला फिजिक्सला मास्तर नसता, तर तिला दिला असता का फोन?"

सरांना मी इतकी वर्षं बोलताना पाहिलं होतं, पण असं कधी नाही. ते चिडले नव्हते, घाबरलेही नव्हते. ते आत कुठेतरी शोधत होते, आणि तिथे काही सापडत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्यानं खिसे चाचपून झाल्यावर बायकोकडे बघावं, किल्ली तुझ्याकडे दिली होती का, तसं.

किल्ली माझ्याकडेच होती. हिरवी फाईल माझ्या मांडीवर. माझ्याच अक्षरात, ज्या अक्षरात काहीही लिहिलं तरी खरं वाटतं. मी ती उघडून मोठ्यानं वाचली असती तरी पुरे होतं. भगवाननं ऐकलं असतं. तो अडाणी नव्हता, हट्टीही नव्हता, मोठ्या माणसानं सांगितलेलं मनावर घेणारा साधा बाप होता.

सरांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर अगदी बराबर पडली आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "अद्रक पण मस्त आहे."

एवढंच बोलले मी. छत्तीस वर्षं पोरांना शिकवलेली बाई, आणि अद्रकवर मत देऊन मोकळी झाले. माझं ते एकमेव स्वतंत्र मत त्या सगळ्या काळातलं.

टायरच्या चपलेवाले आजोबा अश्विनीला म्हणाले, मोठ्या माणसांना उलट विचारत नसतात, जा आत. ती गेली. जाताना पुस्तिका तिनं माझ्याजवळ ठेवली, सरांजवळ नाही. निघताना कांतानं रीतीप्रमाणे मला कुंकू लावलं, पण नेहमीसारखी वाकून पाया पडली नाही.

किल्ली परीक्षा होईस्तोवर भगवानच्या करदोट्यालाच राहिली. अश्विनी पास झाली, फिजिक्समध्ये काठावर. शेतकीचं कॉलेज हुकलं. पुढे तिनं डी.एड. केलं आणि भोकरदनकडच्या एका शाळेत लागली. कुणी म्हणेल, काय वाईट झालं, सरकारी नोकरी आहे. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच सांगितलं. श्रो. प्र.

इथे मी लिहू शकले असते की त्या दिवशी मी शबनम सरांच्या अंगावर फेकली आणि चालती झाले. वाचायला बरं वाटलं असतं. मी त्यानंतरही दोन वर्षं सरांच्या प्रती करत होते. थांबले ते मोतीबिंदूमुळे. माझ्यात तत्त्व जागं झालं नाही, डोळ्यात पडदा आला. तो काढल्यावर मात्र मी पुन्हा गेले नाही, आणि सरांनीही बोलावलं नाही. दरम्यान त्यांना डीटीपीवाला मिळाला होता.

गेल्या वर्षी ते स्वतःच घरी आले. ब्याऐंशी वर्षांचे. शर्टाची धार तशीच, आत माणूस मात्र आणखी कमी झालेला. आल्या आल्या खिशातून फोन काढला. त्यांच्या नातीनं त्यात ए.आय. घालून दिलं होतं. "बघा बाई," म्हणाले आणि फोनला सांगितलं, ए.आय. आणि विचारशक्ती, पालकांसाठी लिही. चहाला उकळी यायच्या आत लेख. मग म्हणाले, कंपनीसाठी लिही. तोच लेख, उलटा. मग शिक्षकांसाठी. मग दोन्ही बाजूंचा, समारोपाचा. शेत, बी, तण, सगळं होतं त्यात. माझी व्हाइटनरची बाटली आठवून मला हसू आलं, आणि हसता हसता तोंड कडू झालं.

"आणि यानं चपला बघितल्याच नाहीत," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं की हेवा, कळलं नाही.

मी विचारलं, सर, याला एकदा विचारा ना, तुला स्वतःला काय वाटतं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. फोन खिशात ठेवला. अश्विनी त्यांना आठवली असेल, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "आज अद्रक नाही घातलं का?"

शेवटचं त्यांना पाहिलं ते या जानेवारीत. नवीन जालन्यातल्या एका नव्या सभागृहात ए.आय.वर कार्यक्रम होता. सर प्रमुख पाहुणे. निमंत्रण मला अश्विनीनं पाठवलं होतं. संयोजनात ती होती. दाराशी टेबल टाकून आलेल्यांची नावं वहीत लिहून घेत होती. आता जरा भरली आहे अंगानं, चष्मा लागलाय. माझं नाव मी न सांगताच लिहिलं. अक्षर तिचं माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि मला ते बघून बरं वाटलं नाही, हेही कबूल करते.

रिक्षातून सर उतरले. जुन्या सवयीनं दाराबाहेर थांबले, वाकून सँडलचे पट्टे सोडवले, सँडल भिंतीला लावून नीट जोडून ठेवले. मग खाली बघितलं. डावीकडून उजवीकडे.

खाली गुळगुळीत फरशी होती. आत गालिचा, गादीच्या खुर्च्या, आणि सगळे आपापल्या चपला-बुटांसकट बसलेले. त्या नव्या सभागृहात चपला काढायची पद्धतच नाही.

सर तसेच उभे. मान खाली. मग अश्विनीकडे वळले. ओळखलं नाही. "बेटा, आत कोण कोण आलंय?"

ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "माणसं आहेत, सर."

सर हसले, आणि मग मी त्यांना दिसले. चेहरा उजळला. दोन पावलं जवळ आले, पूर्वी मागे यायचा तसाच हात आता थोडा पुढे झाला, आणि हळूच म्हणाले, "बाई. कोण आहेत आत?"

मला ठाऊक होतं. पहिल्या तीन रांगा कंपनीच्या, मधल्या शिक्षकांच्या, मागे पालक. एका वाक्याचं काम होतं. पिवळी, एवढाच शब्द. आणि तो माझ्या जिभेवर आला होता, आपोआप, देवाशपथ आला होता.

मी शेजारच्या स्टुलावरचा माझा चहाचा कप उचलला आणि पीत राहिले. साखरेबद्दल काही बोलले नाही.

आतून माइकवर त्यांचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. पुन्हा पुकारलं. सर दारात उभे, एका हातात फोन, आत बघायचं की खाली, ते ठरत नाही अशी मान. अश्विनीनं वही मिटली आणि ती आत जाऊन बसली. मीही तिच्यामागे गेले. जाताना वळून बघितलं. दाराबाहेर चपलांचा एकच जोड होता, आणि सर त्याच्याकडेच बघत होते.